चीज कोणाची?

गेल्या दिवाळींत एका स्नेह्यांच्या घरीं फराळानंतर बैठक जमली असतां त्यांच्या पुतणीनें एक खेळ सुचविला. ही मुलगी दोन वर्षें जर्मनींत शिक्षणासाठीं राहून आलेली. तेथें मित्रमंडळी जमली म्हणजे प्रत्येकानें आपला आवडता संगीतरचनाकार आणि त्याची एखादी आवडती रचना सांगावयाची व ती कां आवडते हें इतरांना पटवून द्यावयाचें, असा परिपाठ असतो म्हणे. आरंभ तिनें स्वतःपासूनच केला. बाखचें नांव घेतलें, त्याच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'विषयीं चार वाक्यें मोठ्या जिव्हाळ्यानें सांगितलीं आणि पाळी आमच्याकडे दिली. एका गृहस्थांनीं तत्काळ भीमसेनांचें नांव घेतलें. एक बाई किशोरीताई म्हणाल्या. तिसऱ्यांनीं मल्लिकार्जुनांचें नांव घेऊन कानाला हात लावला. मुलगी हंसली. "काका, हे सगळे गाणारे झाले. मीं विचारलें तें रचणाऱ्यांचें. भीमसेनांचा शुद्ध कल्याण तुम्हांला आवडतो ना? मग त्यांतली चीज कोणाची?"

बारा माणसें बसलीं होतीं. सारीं सुशिक्षित, सारीं गाण्याचीं शोकीन, आणि त्यांत चाळीस वर्षें मैफली ऐकण्यांत घालविलेला प्रस्तुत लेखकहि होता. उत्तर कोणालाच देतां आलें नाहीं. तेव्हां आमच्यांतील एक विद्वान् प्राध्यापक मदतीला धांवले. "अग, आपल्या संगीतांत रचनाकार असा नसतोच. आपल्याकडे गाणारा तोच रचनाकार. चीज म्हणजे नुसती खुंटी. गवई तिच्यावर आपला शेला टांगतो. शेला पाहावयाचा, खुंटीकडे कोण पाहतो?" हें ऐकतांच सर्वांचे चेहरे उजळले. आपलें अज्ञान हें अज्ञान नसून आपल्या संस्कृतीचें वैशिष्ट्य आहे, असें कोणी सप्रमाण सांगितलें म्हणजे माणसाला जें समाधान होतें तें त्या खोलींत क्षणभर पसरलें. त्या समाधानाविरुद्ध मला लिहावयाचें आहे.

आपल्याकडे रचनाकार नसतोच, हें विधान प्रथम शास्त्राच्या दृष्टीनेंच खोटें आहे. तेराव्या शतकांत यादव राजा सिंघण याच्या आश्रयानें, आपल्या या देवगिरीस, शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यांत रचनाकाराला स्वतंत्र नांव आहे: वाग्गेयकार. जो शब्द रचतो आणि त्याचे स्वरहि रचतो, तो वाग्गेयकार. शब्दांना तेथें मातु म्हटलें आहे आणि स्वररचनेला धातु. या वाग्गेयकारांचे उत्तम, मध्यम, अधम असे वर्गहि ग्रंथकारानें पाडले असून शब्द गोड परंतु स्वररचना दुबळी अशा कर्त्याला त्यानें खुशाल अधमांत बसविलें आहे. इतकेंच नव्हे, तर दुसऱ्याच्या धातूवर आपले शब्द बसविणारा जो, त्याला त्यानें 'कुट्टिकार' हें वेगळें, आणि फारसें गौरवाचें नव्हे असें, नांव दिलें. ज्या समाजाला रचनाकार ठाऊक नाहीं त्याला हे भेद करण्याचें कारण काय? जवळजवळ आठशें वर्षांपूर्वी औरंगाबादेजवळच्या एका किल्ल्याच्या सावलींत ज्या गोष्टीचा इतका बारकाईनें विचार झाला, ती गोष्ट आपल्याकडे मुळांत नव्हतीच, असें आम्ही दिवाळीचे अनारसे खात खात ठरवून टाकतों.

आतां खुंटीचा दृष्टांत. ज्यानें स्वतः गुरूसमोर बसून एकाच रागाच्या तीन चिजा शिकल्या असतील तो हा दृष्टांत कधींहि देणार नाहीं. राग हा आरोहावरोहांत राहत नाहीं. तो चालींत राहतो, आणि ती चाल चीज ठरविते. मुखडा कोठून उठतो, समेवर कोणता स्वर आणि शब्दाचें कोणतें अक्षर येऊन पडतें, अंतरा तार षड्जाकडे सरळ चढतो कीं वळसा घेऊन जातो, यावर पुढच्या घटकाभराच्या विस्ताराची दिशा अवलंबून असते. आग्रा घराण्यांत एका रागाच्या अनेक चिजा देण्याची रीत होती ती शिष्याची पेटी भरावी म्हणून नव्हे. प्रत्येक चीज रागाचा एकेक निराळा दरवाजा उघडते म्हणून. दरवाजाला खुंटी म्हणणें हा दृष्टिदोष होय.

प्राध्यापकमहाशयांचें म्हणणें असें कीं, युरोपांत रचना लिहिलेली व कायमची, आणि आपल्याकडे सारें तत्कालस्फूर्त. म्हणून तुलनाच अप्रस्तुत. परंतु ज्या बाखचें नांव त्या मुलीनें घेतलें त्याचेंच पाहा. १७४७ सालीं तो पॉट्सडॅम येथें फ्रेडरिक राजाच्या दरबारीं गेला, राजानें एक स्वरावलि पुढें टाकली, आणि म्हाताऱ्यानें तेथल्या तेथें तिच्यावर विस्तार करून दाखविला. घरीं परतल्यावर त्याच स्वरावलीवर त्यानें 'म्यूझिकल ऑफरिंग' हा रचनासंग्रह लिहून राजाला अर्पण केला. म्हणजे तत्कालस्फूर्ति आणि रचना या दोन शक्ति एकाच माणसांत सुखानें नांदत होत्या. आमच्याकडेहि नेमकें तसेंच होतें. बाख जेव्हां जर्मनींत होता तेव्हांच दिल्लीस महंमदशहाच्या दरबारीं न्यामतखां होता. महंमदशहाची कारकीर्द १७१९ ते १७४८. बाख वारला १७५० सालीं. न्यामतखां बीनकार म्हणून थोर, गायक म्हणून थोर, आणि 'सदारंग' या नांवानें त्यानें रचलेले ख्याल आज अडीचशें वर्षें उलटून गेलीं तरी प्रत्येक मैफलींत गाइले जातात. मृत्यूनंतर बाखहि सामान्य श्रोत्यांच्या स्मरणांतून बराच दूर गेला होता. १८२९ सालीं बर्लिनमध्यें तरुण मेंडेल्सोननें त्याचें 'सेंट मॅथ्यू पॅशन' पुन्हां उभें केलें, तेव्हां लोकांचे डोळे उघडले. त्यांच्याजवळ कागद होता, आमच्याजवळ गळे होते. गळ्यांनीं गाणें इमानानें सांभाळलें. नांव मात्र वाटेंत सांडलें.

आणि तें आपोआप सांडलें असें म्हणून सुटका करून घेतां येणार नाहीं, कारण नांव टिकावें म्हणून रचनाकारांनीं आपल्याकडून तजवीज करून ठेविली होती. तिलाच मुद्रा म्हणतात. सदारंग, अदारंग, मनरंग. पुढें आग्रा-अत्रौलीच्या मंडळींत दरसपिया म्हणजे महबूबखां, त्यांचे जांवई फैयाजखां ते प्रेमपिया, आणि विलायत हुसेनखां ते प्राणपिया. मुद्रा बहुधा अंतऱ्यांत येते. आतां हल्लींच्या मैफलींत अंतऱ्याची स्थिति काय आहे? बड्या ख्यालांत स्थायी एकदां म्हणून झाली कीं पुढें मुखडा तेवढा उरतो. अंतरा कित्येकदां येतच नाहीं, आला तर तार षड्जावर चढण्याची शिडी म्हणून येतो, आणि त्याचे शब्द तर ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणजे पत्र वाचावयाचें आणि सहीचा भाग फाडून टाकावयाचा, असा हा प्रकार आहे. मुद्रा काढून तेथें दुसरीच बसविणारे महाभागहि होऊन गेले. त्यांच्याविषयीं न बोललेलेंच बरें.

ज्या ठिकाणीं मुद्रा स्पष्ट गाइली जाते तेथेंहि आम्ही ती ऐकत नाहीं. फैयाजखांसाहेबांची जोगांतली 'साजन मोरे घर आए' ही चीज पुष्कळांना पाठ असते. तिच्या अंतऱ्यांत 'प्रेमपिया' आहे. पण प्रिय घरीं आल्याच्या आनंदांत हा शब्द अर्थाशीं इतका एकजीव झाला आहे कीं श्रोत्याला तो प्रियकराचें विशेषण वाटतो. बडोद्याच्या या दरबारी गवयानें आपलें नांव आपल्याच गाण्यांत विरघळवून ठेवलें, आणि आम्ही गोडी चाखतों परंतु साखर कोणाची तें विचारीत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, आपले पूर्वज नांवासाठीं हपापलेले नव्हते. नामनिरपेक्षता हीच आपली थोरवी. हा युक्तिवाद मला सर्वांत अप्रामाणिक वाटतो. नांवाची पर्वा नसती तर मुद्रा घातली कशाला? आणि महाराष्ट्रानें तर हा युक्तिवाद मुळींच करूं नये. शेवटच्या चरणांतली 'तुका म्हणे' ही मुद्रा गाळून कोणी कीर्तनकार अभंग संपवील काय? संपविलाच, तर समोरची म्हातारी माणसें त्याला तेथेंच थांबवितील. ज्यानें सर्वस्व विठ्ठलाच्या पायीं वाहिलें त्या तुकोबाचेंहि नांव आम्ही साडेतीनशें वर्षें सांभाळलें. मग त्याच घरांत, त्याच माणसांच्या तोंडून, सदारंगाचें नांव कां गळावें? निरहंकाराचा हा नियम फक्त ख्यालालाच कां?

खरें कारण निराळें आहे. पूर्वी चीज ही मिळकत होती. गवई ती तिजोरींतल्या दागिन्यासारखी जपत. मुलीच्या लग्नांत हुंडा म्हणून चिजा दिल्याच्या गोष्टी जुन्या घराण्यांत अजून सांगतात. परका श्रोता उचलील या भीतीनें शब्द चावून गाण्याची रीत पडली. मिळकतीला मालक असतो. तिचा कर्ता कोण याची चौकशी वारसांना गैरसोयीची असते. 'ही आमच्या घराण्याची चीज' असें म्हटलें कीं पुढचा प्रश्न खुंटला. सदारंग आमचा नव्हे, सर्वांचा, असें कबूल केलें तर घराण्याच्या तिजोरीचें काय?

ही तिजोरी फोडली ती एका मराठी वकिलानें. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनीं वकिली सोडून देशभर पायपीट केली, गवयांचे नाना रुसवेफुगवे सोसले, रामपूरच्या नबाबांचें शिष्यत्व पत्करलें, आणि हजाराहून अधिक चिजा स्वरलिपींत बांधून 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत चार आण्या-रुपयांचे गिऱ्हाईक होऊं शकेल अशा सामान्य विद्यार्थ्याच्या हातीं दिल्या. लिपीमुळें गाणें मरतें, असा त्यांच्यावर त्या वेळीं गिल्ला झाला. गाणें मेलें नाहीं. उलट त्यांनीं नोंदलेल्या कित्येक चिजा आज केवळ त्या पुस्तकांमुळें ऐकावयास मिळतात. त्यांच्याविषयीं मला अपार आदर आहे, आणि म्हणूनच एक तक्रार नोंदवितों. चिजेच्या माथ्यावर त्यांनीं राग छापला, ताल छापला, लय छापली. रचनाकाराला मात्र जागा ठेवली नाहीं. शब्दांत मुद्रा असेल तर ती वाचकानें हुडकावी. एवढा चिकित्सक माणूस, पण येथें घराण्यांचीच संवय त्यालाहि चिकटली. स्वतःचेंहि नांव त्यांनीं असेंच झांकलें: लक्षणगीतांत 'चतुर', ग्रंथांवर 'विष्णुशर्मा'. (लक्षणगीतें मला व्यक्तिशः कोरडीं वाटतात, पण तीं कोणाचीं हें निदान मला ठाऊक आहे.)

यंत्रांनीं तर कळसच केला. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर घेतलें तेव्हां गाण्याच्या शेवटीं तिनें आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें उच्चारलें. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार व्हावयाच्या. तेथल्या कारागिरांना चिठ्ठी कोणाची लावावी हें कळावें म्हणून ही युक्ति. त्या दिवसापासून आमच्या यंत्रांना गाणाऱ्याचें नांव तेवढें ऐकूं येतें. तबकडी गेली, फीत गेली, आतां मोबाइलच्या कांचेवर गाणें लावावें तर तेथेंहि राग आणि गायक यांवर काम भागतें. मैफलींत निवेदक तबल्याची साथ कोणाची, पेटीची कोणाची, तंबोऱ्यांवर मागें कोण बसलें आहे, तें सारें सांगतो आणि तें योग्यच आहे. पाठीमागच्या पडद्यावर पतपेढीचें, सराफाचें आणि बांधकाम-कंपनीचें नांव झळकत असतें. सदारंगानें आपल्या चिजांत महंमदशहाचेंहि नांव गुंफलें आणि स्वतःचेंहि. आश्रयदात्याचें नांव राखण्याची परंपरा आम्हीं पाळली, अर्धीच पाळली.

कोणी म्हणेल, नांव न घेतल्यानें बिघडतें काय? बिघडतें तें असें. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांत संगीतकृतीची जी व्याख्या होती ती लिहिलेल्या वा छापलेल्या स्वररचनेपुरती होती. तोंडोतोंडीं चालत आलेली चीज कायद्याच्या दृष्टीनें कृतीच नव्हे. १९९४ च्या दुरुस्तीनें ती अट गेली. पण सदतीस वर्षें हयात रचनाकारांची जी रचना कागदावर नव्हती ती अनाथ होती. आणि २०२५ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयांत काय झालें? डागर घराण्यांतील 'शिवस्तुति' ही अडाण्यांतली रचना आणि एक तमिळ चित्रपटगीत यांचा तंटा. एप्रिलमध्यें एका न्यायमूर्तींनीं चित्रपटांत कनिष्ठ डागरबंधूंचें श्रेय दाखवावें असा अंतरिम हुकूम दिला. सप्टेंबरांत दोन न्यायमूर्तींच्या पीठानें तो रद्द केला, कारण एखादी रचना गाइली एवढ्यावरून ती त्यांनींच रचली असें ठरत नाहीं. तंट्यांत खरें कोणाचें, या वादांत मी पडत नाहीं. मला दिसतें तें इतकेंच कीं, जो प्रश्न घरच्या बैठकींत विचारला असतां आम्ही हंसण्यावारी नेतों तोच न्यायासनासमोर उभा राहतो, आणि तेथें 'गाणारा तोच रचनाकार' हें आमचें सुभाषित चालत नाहीं.

दक्षिणेंत हा प्रश्न उद्भवत नाहीं. कृतीचे पहिले शब्द, राग आणि त्यागराज, दीक्षित कीं श्यामा शास्त्री, हें तेथें शाळकरी पोरहि एका दमांत सांगतें. त्यागराजांच्या पुण्यतिथीला तिरुवैयारूस शेंकडों गायक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृति एका सुरांत गातात. गायक लहान कीं मोठा, तेथें कोणी पाहत नाहीं. आणि हें तिरुवैयारू ज्या तंजावर मुलखांत आहे तेथें त्यागराजांच्या काळीं राज्य होतें भोसल्यांचें. म्हणजे रचनाकाराला देव्हाऱ्यांत बसविणारी ही परंपरा मराठी राजांच्या छत्राखालीं वाढली. पुण्यामुंबईच्या मराठी माणसाला मात्र ती परकी वाटते.

आमच्या रंगभूमीचीहि साक्ष काढतां येईल. 'मानापमाना'च्या (१९११) चाली गोविंदराव टेंब्यांच्या, 'स्वयंवरा'च्या (१९१६) भास्करबुवा बखल्यांच्या, हें घरोघरीं ठाऊक असतें आणि त्याचा अभिमानहि असतो. पण जुन्या संगीत नाटकांचीं पुस्तकें उघडून पाहा. पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून मूळ चिजेचे दोनचार शब्द छापलेले असतात. मूळ चाल कोणाची, हें कोठेंहि नाहीं. ज्याच्या धातूवर पद उभें राहिलें तो बेपत्ता. कुट्टिकाराला टाळ्या मिळाल्या, वाग्गेयकार विंगेंतच राहिला.

हें सारें मनांत घोळत असतां येथील एका संगीतमंडळाच्या चिटणिसांना मीं पत्र घातलें, कीं कार्यक्रमपत्रिकेंत निदान मुख्य चिजांच्या रचनाकारांचीं नांवें छापावीं. उत्तर तोंडीं मिळालें. गवई आयत्या वेळीं काय गाईल याचा नेम नाहीं, आणि लोकांना त्याचें काय? पहिली अडचण खरी आहे. पण ज्याला तबलजीचें नांव सांगतां येतें त्याला चीज झाल्यावर एक वाक्य अधिक बोलतां येईल. दुसरी अडचण ही अडचण नव्हे, अपमान आहे. आणि तो आम्हीं स्वतः ओढवून घेतलेला आहे, कारण आम्हीं कधीं विचारलेंच नाहीं.

माहिती नाहीं ही सबबहि आतां चालणार नाहीं. श्रीकृष्ण रातंजनकरांची 'अभिनव गीतमंजरी' आहे, अलाहाबादच्या रामाश्रय झा 'रामरंग' यांची 'अभिनव गीतांजलि' पांच भागांत आहे, कुमार गंधर्वांचा 'अनूपरागविलास' १९६५ पासून मराठी वाचकाच्या हाताशीं आहे, प्रभा अत्र्यांच्या 'स्वरांगिनी' व 'स्वररंजनी' आहेत. हीं पुस्तकें विद्यार्थी घेतात. श्रोता त्यांना हात लावीत नाहीं. कवितेचा रसिक कवीचें नांव न विचारतां कविता वाचीत नाहीं. गाण्याच्या रसिकाला ही सवलत कोणी दिली?

मला विचाराल तर माझी आवडती चीज जोगकंसांतली 'पीर पराई', आणि रचनाकार जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास' (१९०४ ते १९६८). राग त्यांचाच, चीजहि त्यांचीच. जोगाचे दोन्ही गंधार कौंसाच्या अंगांत मिसळतांना जो एक सल उत्पन्न होतो तो आणि परक्याचें दुःख न जाणणाऱ्याविषयींची तक्रार, हीं एकमेकांसाठींच जन्मलेलीं वाटतात. मातु कोठें संपला आणि धातु कोठें सुरू झाला हें सांगतां येत नाहीं. ही मीं अनेक वर्षें जितेंद्र अभिषेकींची म्हणून ऐकली. अभिषेकीबुवा स्वतः गुणीदासांचे शिष्य. त्यांना विचारलें असतें तर त्यांनीं गुरूचेंच नांव सांगितलें असतें. मीं विचारलें नाहीं.

दिवाळीनंतर त्या मुलीला आमच्या मातोश्रींची गाण्याच्या वर्गांतली जुनी वही दाखविली. लाल बांधणीची, दौतटांकानें लिहिलेली. प्रत्येक पानावर दोन रकाने आंखलेले: राग आणि ताल. पहिलीच चीज यमनांतली 'एरी आली', जी सगळ्यांचीच पहिली असते; तिच्या शब्दांत कोणाचीहि मुद्रा नाहीं. मुलीनें पट्टी मागितली आणि पेन्सिलीनें तिसरा रकाना आंखला. वहींत एकसष्ट चिजा आहेत. सदारंग, अदारंग, प्राणपिया, प्रेमपिया, चतुर असें करीत आतांपर्यंत चौदा घरें भरलीं आहेत. प्राध्यापकांनाहि दोन सांपडलीं. तीं त्यांनीं रात्रीं साडेदहाला दूरध्वनि करून कळविलीं.